चव्वेचाळीस अंशांवरचा फझ : एका घरगुती पेडलचं प्रकरण

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी चारला भाच्याचा फोन आला. मी नुकताच खापरावरचे मांडे आणि आमरस हाणून आडवा झालो होतो. मागून ढोलकी ठाकठोक करत असल्याचा आवाज. म्हणाला, "मामा, तुमचं पेडल रडतंय." पेडल म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचा डबा, मी त्याच्यासाठी घरी बनवलेला.

मी विचारलं, हम, म्हणजे मागे सतत घुमणारा आवाज, येतोय का? "हम नाही. आवाज येतो, पण तुटक. जोरात छेडलं तर तडतडून येतो आणि लगेच कापला जातो. हळू वाजवलं तर काहीच नाही. तव्यावर फुटाणे टाकल्यासारखं."

त्यांचा कार्यक्रम पारोळ्याकडच्या एका गावात होता. मांडव उघड्यावर, स्टेजवर पत्रे. साउंडवाला म्हणे केबल खराब आहे, मांडवाचा वायरमन म्हणे अर्थिंग नाही, आणि कीबोर्डवाल्याचं म्हणणं, घरी बनवलेल्या वस्तूंचं असंच असतं. शेवटी भाच्याने पेडल बाजूला काढलं आणि रात्रीचा कार्यक्रम त्याच्या पिवळ्या एसडी-१ वर, म्हणजे बॉस कंपनीच्या ओव्हरड्राइव्ह पेडलवर, उरकला. कार्यक्रम झालाही चांगला. माझी झोप मात्र गेली, कारण हेच पेडल जानेवारीपासून चार कार्यक्रम बिनतक्रार वाजलं होतं.

त्या बिघाडाची ही हकीकत. चुकीच्या वाटाही सांगतो, कारण सगळा वेळ त्यांच्यातच गेला.

पेडल कोणतं

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि आता जळगावात इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर दुरुस्त करतो. गिटार मला वाजवता येत नाही. भाचा ऑर्केस्ट्रात वाजवतो: हळदी, साखरपुडे, अहिराणी गाण्यांचे कार्यक्रम. त्याला फझ हवा होता. ओव्हरड्राइव्हमध्ये सूर थोडा खरखरीत होतो. फझमध्ये तो पार सपाट कापला जातो, लाट जाऊन जवळजवळ चौकोन उरतो, आणि गिटार सनई-शिंगाच्या वाटेला लागते. जुन्या हिंदी गाण्यांतल्या काही तुकड्यांना तोच आवाज लागतो, असं त्याचं म्हणणं. मला तुकडे कळत नाहीत, चौकोन कळतो.

बनवायला घेतला फझ फेस. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेलं हे पेडल, माइक स्टँडच्या बुडासारख्या गोल डब्यातलं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्समुळे ते जगभर गेलं. मला त्यात आवडलं ते वेगळंच. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर, दोन पॉट (नॉबने फिरवायचे रेझिस्टर), असे एकूण अकरा नग. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या साध्यातल्या साध्या स्टॅबिलायझरमध्ये याच्या तिप्पट सामान असतं.

मूळ पेडलमध्ये जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर होते. एनकेटी २७५ हे नाव शौकिनांच्या तोंडी जास्त, पण एसी १२८ वरही तेच सर्किट चालतं. आणि एसी १२८ आपल्याकडे मिळतो. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या आउटपुटला याची जोडी असायची, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही तो बनवला. अमळनेरला माझ्या ओळखीचे एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या दुकानात रेडिओ कधीच संपले, पण बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काढून ठेवलेले ट्रान्झिस्टर आहेत. मी चौदा एसी १२८ आणले. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र माझ्या पैशाने झाला.

बाकीचं सामान जळगावातच मिळालं. पायाने दाबायचा नऊ पायांचा स्विच तेवढा मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवावा लागला. सर्किट झिरो पीसीबीवर उतरवलं. ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवले, डाग दिले नाहीत. जर्मेनियमला सोल्डरिंगची आच सोसत नाही म्हणून ही खबरदारी. पुढे हीच सॉकेटं कामी आली, पण ते नशीब.

गळती मोजायची रीत

जर्मेनियम ट्रान्झिस्टर गळतो. ट्रान्झिस्टरला तीन पाय: कलेक्टर आणि एमिटर ही प्रवाहाची वाट, बेस ही तिची चावी. बेस मोकळा सोडला, म्हणजे नळ पूर्ण बंद केला, तरी कलेक्टरमधून थोडा प्रवाह चालूच राहतो. ठिबकच म्हणा. सिलिकॉनमध्येही ठिबकतं, पण ते साध्या मीटरला दिसत नाही इतकं कमी.

मल्टीमीटरच्या ट्रान्झिस्टर तपासायच्या भोकात एसी १२८ घातला तर तो जो गेन (बेसचा प्रवाह किती पट होतो तो आकडा) दाखवतो त्यात ही गळती मिसळलेली असते. म्हणून वेगळी रीत वापरतात. ती पेडलवाल्यांमध्ये रूढ केली अमेरिकेतल्या आर. जी. कीन यांनी. एमिटर नऊ व्होल्टच्या सेलच्या पॉझिटिव्हला, कलेक्टर २४७२ ओहममधून निगेटिव्हला, बेस मोकळा. त्या रेझिस्टरवर जेवढे व्होल्ट दिसतील ती गळती. मग बेस २.२ मेगओहममधून निगेटिव्हला जोडायचा. आता वाढलेल्या आकड्यातून आधीचा वजा केला आणि शंभराने गुणलं की खरा गेन. आकडा २४७२ असा विचित्र का? २.२ मेगमधून बेसला चार मायक्रोअँपियर जातात आणि त्या हिशेबाने एक व्होल्ट म्हणजे बरोबर शंभर गेन पडतो. मी २.४ के (के म्हणजे हजार ओहम) आणि ६८ ओहम एका ओळीत जोडून भागवलं.

चौदापैकी तीन सरळ गेलेले निघाले. चारांची गळती इतकी की हातात धरताच आकडा पळायचा. उरलेल्यांतून मी दोन निवडले. पहिल्या जागेसाठी निवडलेल्याची गळती ०.१५ व्होल्ट, म्हणजे साधारण ६० मायक्रोअँपियर, आणि खरा गेन ७५. दुसऱ्या जागेसाठी १२० गेनचा. सत्तर-ऐंशी आणि एकशे वीसच्या आसपास ही जोडी फझ फेसला मानवते, असं सगळेच सांगतात. मी खूश.

हे मोजलं जानेवारीत, रात्री साडेनऊला, खोलीत २० अंश असताना. मोजण्यात चूक नव्हती. चूक महिन्यात होती.

सर्किट जुळल्यावर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट हवेत, म्हणजे पुरवठ्याच्या निम्मे. सूर दोन्ही बाजूंना सारखा झुलायला तिथे जागा मिळते. मूळ ८.२ के च्या रेझिस्टरच्या जागी मी प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) ठेवला होता. तो फिरवून ९.१ के वर ४.६ व्होल्ट आणले. सर्किट पीएनपीचं असल्यामुळे जमीन (ग्राउंड) पॉझिटिव्हची आणि व्होल्ट उणे, पण इथून पुढे मी उणे लिहीत नाही. भाच्याने गिटारवरचा व्हॉल्यूम कमी-जास्त करून दाखवला. पूर्ण सोडला की फझ, थोडा ओढला की जवळपास स्वच्छ, आणि मधला टप्पा अगदी लोण्यासारखा. या पेडलचं खरं कौतुक त्या मधल्या टप्प्यासाठीच आहे.

तीन दिवस वाया

आखाजीनंतर पेडल माझ्याकडे आलं. पहिला संशय सेलवर. नवा घातला, ९.३ व्होल्ट. तोच रडका आवाज.

दुसरा संशय अडॅप्टरवर. भाच्याने कबूल केलं की गावात त्याने एकदा सगळी पेडलं एकाच अडॅप्टरच्या माळेवर लावून पाहिली आणि सगळी एकदम बंद पडली. पडणारच होती. बाकीच्या पेडलांची जमीन निगेटिव्ह, याची पॉझिटिव्ह, आणि पॅच केबलची जाळी दोघांना जोडते, म्हणजे अडॅप्टरचा सरळ शॉर्ट. मी डब्यावर "फक्त सेल" असं मार्करने लिहिलं होतं, ते घामाने पुसून गेलं होतं. त्या शॉर्टने काही जळलं का, हे पाहण्यात एक संध्याकाळ गेली. काही जळलं नव्हतं.

मग सगळ्यांचा लाडका संशय, ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा राहिलेला डाग. दुरुस्तीवाल्याला जेव्हा काहीच सुचत नाही तेव्हा तो सगळे डाग पुन्हा गरम करतो, आणि मीही तेच केलं. रात्री अकराला पेडल बऱ्यापैकी वाजायला लागलं. मी समाधानाने झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फुटाणे. संध्याकाळी परत थोडं बरं. कधी चालतं, कधी नाही, म्हणजे डागच असणार, अशी माझी पक्की खात्री, म्हणून पुन्हा सगळे डाग. तीन दिवसांत त्या बिचाऱ्या बोर्डाने जेवढी आच सोसली तेवढी जळगावच्या उन्हाने आयुष्यात दिली नसती.

चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता, पेडल टेबलावर उघडं, मीटरचा काटा (प्रोब) दुसऱ्या कलेक्टरला लावलेला, आकडा ५.६. माझ्या उजव्या हाताला कूलर. तेवढ्यात लाइट गेली.

कूलरचा पंखा हळूहळू थांबला. पेडल सेलवर, मीटर सेलवर, दोघे चालूच. मी काही न करता बसून होतो, कारण अंधुक उजेडात डाग देता येत नाही. मीटरवर ५.७ झाले. मग ५.८. मी काट्यांना हात लावला नव्हता, टेबल हललं नव्हतं. पाच मिनिटांत सहा. पत्र्यावरून खोलीत शिरणारी झळ अंगाला जाणवत होती तसतसा आकडा चढत होता. साडेतीनला लाइट आली तेव्हा ६.८ होते. कूलर सुरू झाला आणि आकडा उतरायला लागला.

सगळं कोडं त्या दीड तासात सुटलं. रात्री चालायचं कारण रात्र गार. दुपारी बिघडायचं कारण दुपार. आणि माझ्या टेबलावर नेहमी अर्धवट बरं वाजायचं, कारण टेबल कूलरसमोर.

मग रीतसर मोजलं. पहाटे साडेपाचला २७ अंश, ५.२ व्होल्ट. कूलरसमोर ३१ अंश, ५.६. कूलर बंद, ३८ अंश, ६.८. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ४४ अंश, ८.२. पुरवठाच नऊचा, त्यात ८.२ म्हणजे दुसरा ट्रान्झिस्टर जवळजवळ झोपलेला. मोठा ठोका आला तरच क्षणभर जागा होतो. भाच्याच्या कानाला तेच फुटाणे.

याच खोलीत एक मजा झाली. जर्मेनियमची नाजूकता दाखवायला सगळे सांगतात की ट्रान्झिस्टर बोटांत धरा, बोटाच्या उबेने आकडा चढताना दिसेल. मी धरला. आकडा ८.२ वरून ७.९ वर उतरला! क्षणभर वाटलं मीटरही गेला. मग लक्षात आलं की माझं बोट खोलीपेक्षा गार होतं. ही सूचना लिहिणाऱ्यांनी मे महिन्यातलं जळगाव पाहिलेलं नसावं.

गळतीचा हिशेब

जर्मेनियमची गळती ढोबळमानाने दर आठ-दहा अंशांना दुप्पट होते. मी पहिला ट्रान्झिस्टर काढून त्याच ४४ अंशांत पुन्हा २४७२ ओहमवर लावला. जानेवारीत ०.१५ व्होल्ट दाखवणारा आता ०.७८ दाखवत होता. ६० मायक्रोअँपियरचे ३१५ झाले होते. गंमत म्हणजे मल्टीमीटरच्या भोकात त्याचा गेन वाढलेला दिसत होता. भोकावर विश्वास ठेवला असता तर म्हणालो असतो, उन्हाने ट्रान्झिस्टर सुधारला.

आता सर्किटकडे पाहा. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ के चा रेझिस्टर आहे. नऊ व्होल्ट भागिले ३३ के, म्हणजे त्या वाटेने जास्तीत जास्त सुमारे २७० मायक्रोअँपियर येऊ शकतात. आणि ट्रान्झिस्टर नुसत्या गळतीनेच ३१५ ओढायला बसलेला. बेसला काही न देताच तो पूर्ण उघडा. त्याचा कलेक्टर जमिनीला टेकतो. दुसऱ्याचा बेस थेट त्याच कलेक्टरला जोडलेला असल्यामुळे त्याला काही मिळत नाही, त्याचा प्रवाह आटतो आणि त्याच्या कलेक्टरवरचे व्होल्ट पुरवठ्याकडे चढतात. दुसऱ्याच्या एमिटरकडून पहिल्याच्या बेसकडे १०० के ची एक परतवाट आहे. लहानसहान चढउतार ती सावरून घेते, म्हणूनच ३१ अंशांपर्यंत पेडल कसंबसं तग धरतं. पण गळती ३३ के च्या क्षमतेपलीकडे गेली की सावरायला काही उरत नाही.

यातलं एक कोडं मला सुटत नव्हतं. हेच एसी १२८ याच खान्देशात पन्नास वर्षांपूर्वी रेडिओत होते. शेतात, झाडाखाली, बैलगाडीला टांगलेले. ते मे महिन्यात कसे वाजायचे? अमळनेरला जाऊन आबांना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "रेडिओमा त्यानासाठे थर्मिस्टर ऱ्हास ना, भो. तुन्हा डबामा कोठे शे?"

खरंच की. रेडिओच्या आउटपुटजवळ एक लहानशी चकती असायची, तीच थर्मिस्टर. ऊन वाढलं की तिचा रोध कमी व्हायचा आणि ती ट्रान्झिस्टरचा बायस (बेसला कायम दिलेले व्होल्ट) तेवढाच खाली ओढायची. रेडिओ बनवणाऱ्यांना ऊन ठाऊक होतं. फझ फेस बनवणाऱ्यांसमोर लंडनचा स्टुडिओ होता, आणि अकरा नगांत बाराव्याला जागा नव्हती.

काय काय करून पाहिलं

थर्मिस्टर लावणं हा एक मार्ग होता, पण तो त्या-त्या ट्रान्झिस्टरशी जुळवत बसावा लागतो. ट्रान्झिस्टर बदलला की पुन्हा पहिल्यापासून. तो सोडला.

मग आतला प्रीसेट काढून डब्यावर २५ के चा पॉट बसवला, बायसचा नॉब म्हणून. बाजारात मिळणाऱ्या अनेक जर्मेनियम फझवर असा नॉब असतो, तो याचसाठी. ३८ अंशांना तो २० के पर्यंत नेला की साडेचार व्होल्ट मिळाले. पण आवाज निम्मा झाला. या सर्किटमध्ये आउटपुट काढतात ते ४७० ओहम आणि ८.२ के यांच्या सांध्यातून. वरचा ४७० तसाच ठेवून खालचा दुपटीहून मोठा केला की वाट्याला येणारा तुकडा तेवढाच लहान होतो. आणि ४४ ला नॉब संपला तरी फुटाणे संपेनात. शिवाय वाजवणाऱ्याने दर तासाला तापमान पाहून नॉब फिरवायचा? हळदीच्या मांडवात त्याला पायाखालची केबल दिसत नाही.

नंतर उरलेले सगळे ट्रान्झिस्टर पत्र्याच्या खोलीत पुन्हा मोजले. भर उन्हातही कमी गळणारे दोन सापडले, पण गेन चाळीसच्या घरात. ते लावल्यावर पेडल चाळीस अंशांपर्यंत शहाण्यासारखं वागलं. फझ मात्र मवाळ. भाचा म्हणाला, "हे तर माझ्या पिवळ्याचंच भावंड." नापास.

मग आठवण झाली की खुद्द फझ फेसवाल्यांनीही १९६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मेनियम सोडून बीसी १०८ जातीचे सिलिकॉन ट्रान्झिस्टर घेतले होते. दोन्ही जागी सिलिकॉन लावून पाहिलं. व्होल्ट दगडासारखे स्थिर, पण आवाज कर्कश, कानात सुई घालणारा. काहींना तोच आवडतो. मला वाजवता येत नसलं तरी कान आहेत.

शेवटी निम्मं-निम्मं केलं. खरा त्रास पहिल्या जागेचा होता. दुसऱ्याची गळती पहिला सावरू शकतो, पण पहिल्याची सावरायला मागे कोणी नाही. म्हणून पहिल्या जागी सिलिकॉनचा बीसी ५५७, कुठल्याही दुकानात दोन-तीन रुपयांना मिळणारा, आणि दुसऱ्या जागी जुनाच १२० गेनचा एसी १२८. पायांचा क्रम वेगळा असल्यामुळे पहिल्यांदा उलटा घातला आणि काहीच वाजलं नाही. सपाट बाजू आपल्याकडे धरली की बीसी ५५७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. सिलिकॉनचा बेस-एमिटर फरक ०.६५ व्होल्टच्या आसपास, जर्मेनियमचा ०.२ च्या. त्यामुळे दुसऱ्याचा प्रवाह वाढतो आणि प्रीसेट ९ के वरून पाच के च्या आसपास उतरवावा लागतो. उतरवला, कूलरसमोर ४.५ व्होल्ट.

पत्र्याच्या खोलीत नेलं. ४४ अंश. तासभर ठेवलं. ४.७.

हिस, म्हणजे मागची सूं-सूं, थोडा वाढला होता. बीसी ५५७ च्या बेस-कलेक्टरमध्ये १०० पिकोफॅरडचा लहान कंडेन्सर टाकल्यावर कमी झाला. डबा काळा होता, त्याला पांढरा रंग दिला, कारण उन्हात ठेवलेला काळा ॲल्युमिनियमचा डबा हात लावू देत नाही.

विकत घेतलं असतं तर

भाच्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, मधल्या काळात सरळ प्रश्न केला होता: एवढं करण्यापेक्षा विकतच का नाही आणत? प्रश्न रास्त आहे. परदेशी जर्मेनियम फझ पाच आकड्यांत जातो, माझ्या पेडलचं सामान हजाराच्या आत आलं. पण माझ्या वेळाचे पैसे लावले तर तुलना उलटी होते, आणि ताई वेळाचे पैसे लावते.

माझं मत असं. खान्देशात मांडवात वाजवून पोट भरायचं असेल तर सिलिकॉनचा फझ किंवा ऑपॲम्प चिपवर चालणारं ओव्हरड्राइव्ह घ्या. एसडी-१ १९८१ पासून आहे, आणि त्या आखाजीला इज्जत त्यानेच राखली. जुनं जर्मेनियम पेडल कोणी विकत असेल तर ते एसी खोलीत वाजवून दाखवलेलं ऐकून घेऊ नका. विकणाऱ्याला उघडून दुसऱ्या कलेक्टरचे व्होल्ट विचारा, आणि खोलीचं तापमानही. दुसरा प्रश्न ऐकून तो हसला तर समजा त्याने मोजलेलं नाही. आणखी एक, पेडल कुठलंही असो, हा फझ गिटारच्या लगेच पुढे, सगळ्यांच्या आधी लावा. त्याचा इनपुट इतका कमी रोधाचा असतो की मध्ये बफर (गिटारचा सिग्नल पुढे ढकलणारा टप्पा) असलेलं पेडल आलं की तो चिरकतो आणि गिटारच्या व्हॉल्यूमने आवरत नाही. भाच्याने महिनाभर तो पिवळ्याच्या मागे लावला होता, हे मला फार उशिरा कळलं.

बनवायचं असेल तर मात्र जर्मेनियमच बनवा. सिलिकॉनवालं पहिल्या झटक्यात चालतं आणि त्यातून तुम्हाला काही कळत नाही.

नंतर

मेच्या शेवटी धरणगावकडे एक हळद होती. मी मुद्दाम गेलो. साडेपाच वाजता मांडवात ४१ अंश, पेडल स्टेजच्या कडेला, अर्धं उन्हात. पहिल्या गाण्याला भाच्याने पाय ठेवला आणि फझ आला तसा आला, शेवटपर्यंत लांबला, तुटला नाही. कीबोर्डवाल्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे मी ती कौतुकाची समजलो.

परत येताना भाचा मोटारसायकलवर मागून म्हणाला, "चांगलं झालं मामा, पण व्हॉल्यूम ओढला की ते आधीचं लोणी येत नाही." बरोबर होतं त्याचं. पहिल्या जागेच्या जर्मेनियमबरोबर मधला टप्पाही गेला होता. पूर्ण फझ आणि पूर्ण स्वच्छ, दोन्ही टोकं शाबूत, मधलं थोडं कोरडं. मी त्याला म्हटलं, ते लोणी ४४ अंशांना वितळतं.

जुना ७५ गेनचा एसी १२८ मी कापसात गुंडाळून फिल्मच्या डबीत ठेवला, वर प्रीसेटचा आकडा लिहिला: ९.१ के. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सात वाजता दार वाजलं. भाचा स्वेटर घालून उभा, हातात पांढरा डबा आणि लहान स्क्रूड्रायव्हर.

"मामा, थंडी पडली. ती डबी कुठेय?"